स्वतंत्र चूल

मी लिहायला-वाचायला शिकले ती मृत्युपत्रांवर. सांगितलं की लोक हसतात. हसू देत. माझे यजमान अलिबागच्या कचेरीच्या ओट्यावर बसून लोकांचे कागद लिहून द्यायचे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, ज्याला जे लागेल ते. अर्जनवीस म्हणत त्यांना. खाडाखोड झालेले मसुदे ते घरी आणायचे आणि सुट्टीच्या दिवशी पाठच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून अक्षरं गिरवून घ्यायचे. अक्षरं जमायला लागली तशी मी कागद उलटून पुढची बाजू वाचायला लागले. माझ्या बरोबरीच्या ज्या दोघीतिघी शिकल्या, त्यांनी पहिल्यांदा देवाचं नाव लिहिलं असेल. मी पहिलं अख्खं वाक्य लिहिलं ते असं: 'मी पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नाही.' ह्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते पाटीवर पुन्हा लिहून घेतलं.

पूर्वी आमच्या बाजूला मरणाला टेकलेला माणूस चार शेजारी बोलावून तोंडीच सांगायचा. वाडी ह्याची, बैल त्याचा, तांब्याची भांडी सुनेची. तेवढं पुरायचं. मग कायदा बदलला. कागद लागायला लागला, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागायला लागल्या, आणि ह्यांचा धंदा वाढला. मरणाची धास्ती घेतलेल्या माणसांना कुठे तोटा असतो? पार बोर्लीकडून माणसं यायची. ह्यांचा लौकिक असा होता की ह्यांनी लिहिलेल्या कागदात वकिलाला बोट शिरकवायला फट सापडत नाही. आमच्या घरात लौकिक म्हणून जे काय होतं ते एवढंच.

थळच्या अलीकडे आमचं घर. मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला सुरूची झाडं आणि मग समुद्र. घर आणि वाडी दोन्ही ह्यांच्या कमाईची. आम्हाला मूल झालं नाही. तरी घर भरलेलं होतं, कारण धाकटा दीर, त्याची बायको आणि त्यांची मुलं आमच्यातच होती. मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर आई नसलेला, शेंबडा, एवढासा पोर होता. त्याचे केस मी धुतले, त्याच्या पायातले काटे मी काढले, आणि पुढे त्याच्यासाठी मुलगी पसंत केली तीही मीच. तो वाडी बघायचा, हे कचेरी बघायचे, आणि आम्ही दोघी जावा एक चूल बघायचो. चूल एकच होती, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

वालाचे दिवस आले की मागच्या पडवीत मोड आलेल्या वालांची टोपली मध्ये घेऊन आम्ही दोघी बिरडं सोलायला बसायचो. भरल्या घराला पुरेल एवढं बिरडं सोलायचं म्हणजे बोटांची सालं निघतात, पण तोंड मोकळं असतं. अख्ख्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या त्या टोपलीवर व्हायच्या. जाऊ मला 'बाय' म्हणायची. तिची धाकटी मुलगी माझ्याच अंथरुणात झोपायची आणि झोपेत लाथा मारायची. मी तक्रार करायचे. तक्रार करायला काहीतरी होतं, हे तेव्हा कळलं नाही.

ह्यांच्या मनात मात्र एक भीती घर करून होती, ती कचेरीतून आलेली. त्या ओट्यावर ह्यांनी फार विधवा पाहिल्या. गाठोडं घेऊन बसलेल्या, दिराने किंवा पुतण्याने घराबाहेर काढलेल्या, कसल्यातरी कागदावर अंगठा देऊन बसलेल्या. संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की हे सांगायचे, आज काशीदकडची एक बाई आली होती, दिराने गोड बोलून सोडपत्रावर अंगठा घेतला आणि आता विहिरीवर पाणी भरू देत नाही. सांगता सांगता ह्यांना राग यायचा, मग खोकला यायचा. माझ्यापेक्षा हे बऱ्याच वर्षांनी मोठे होते. आपण आधी जाणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि हिशेबी माणूस असल्यामुळे त्याप्रमाणे गेलेही.

शेवटच्या आजारात ह्यांनी स्वतःचं मृत्युपत्र लिहिलं. सह्या करायला गावातले मास्तर आणि वैद्य आले तेव्हा मला आणि दिराला बाहेर बसवलं. नंतर मी पेज घेऊन आत गेले तर चेहऱ्यावर असं समाधान, जसं एखादं अवघड काम हातावेगळं झाल्यावर असतं.

"कोणी तुला घराबाहेर काढू शकणार नाही, अशी तजवीज करून ठेवलीय," हे म्हणाले.

मला बरं वाटलं. अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. मला घराबाहेर काढणार तरी कोण आहे, असं काही माझ्या मनातही आलं नाही.

तेरावं झाल्यावर मास्तरांनी कागद वाचला. घर आणि वाडी धाकट्या भावाला. परंतु माझ्या हयातीपर्यंत वाडीच्या बाजूची खोली माझ्या एकटीच्या उपभोगात. तिथे माझी स्वतंत्र चूल असावी. खोलीला वाडीकडून स्वतंत्र दार असावं. विहिरीलगतची नारळाची रांग माझी, त्या झाडांचा शेवटचा नारळही माझा. रहाटाच्या पाण्याची माझी वेगळी पाळी. धाकटा भाऊ व त्याच्या कुटुंबाने ह्यास कोणत्याही प्रकारे हरकत करू नये, तिला त्रास देऊ नये, तिच्याकडून कोणताही कागद लिहून घेऊ नये. तसं केल्यास घरावाडीवरचा त्याचा हक्क संपुष्टात यावा. मास्तरांचा आवाज शाळेतला, खणखणीत. पडवीत बसलेल्या सगळ्या शेजाऱ्यांनी शब्द न् शब्द ऐकला.

माणसं गेल्यावर दीर माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"दादानं मला असा वळखला व्हय, वैनी?"

मी म्हटलं, अरे, कागदात असंच लिहायचं असतं, सगळ्यांच्याच कागदात असंच असतं. हे अगदी खरं होतं. 'हरकत करू नये' हे मी स्वतः कितीदा तरी गिरवलं होतं. पण त्याने सगळ्यांचे कागद वाचले नव्हते. त्याने आयुष्यात एकच कागद ऐकला, आणि त्यात बापासारख्या भावाने त्याला चोर ठरवून ठेवलं होतं. ह्यांनी त्या ओट्यावरच्या साऱ्या हरामखोर दिरांना डोळ्यांसमोर ठेवून तो कागद लिहिला. घरात वाढलेला दीर तेवढा डोळ्यांसमोर आला नाही. मला ह्यांचा अजून राग येतो तो ह्याच गोष्टीचा.

दिराने भांडण केलं असतं तर मी त्याच्या पाठीत धपाटा घातला असता आणि विषय संपवला असता. त्याने तसं केलं नाही. त्याने दादाचं मृत्युपत्र तंतोतंत पाळलं. दुसऱ्याच आठवड्यात गवंडी आला आणि वाडीकडची भिंत फोडून दार बसवलं. खोलीच्या कोपऱ्यात चूल घातली गेली. माझ्या नारळांना दीर स्वतः चुन्याचे पट्टे ओढत होता, मी खिडकीतून बघत होते. चांगले रुंद, लांबून दिसतील असे पट्टे. खोलीतून माजघरात जाणारं जुनं दार लोटून घेतलं. त्याला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या. माझ्या बाजूची मी कधी लावली नाही. पलीकडची लावलेली होती की नव्हती, ते मी कधी ढकलून बघितलं नाही.

पहिल्या दिवशी मी सवयीने भांडंभर तांदूळ शिजवले. मग तोच भात मी संध्याकाळी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही.

मला कसलीही कमी पडली नाही, हे सांगायलाच हवं. माझ्या झाडाचा नारळ वाऱ्याने पडला तरी तो माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवलेला असायचा. माझ्या पाळीला रहाट सुरू व्हायचा, एकदाही चुकला नाही. नारळाचे व्यापारी आधी माझ्या दारात यायचे आणि मग पलीकडे जायचे, कारण दिराने तसं सांगून ठेवलं होतं. गावातल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस गो, दीर असावा तर असा. मी मान हलवायचे. त्यांना काय सांगणार? भिंतीपलीकडे ताटं मांडल्याचा आवाज यायचा, कोणीतरी कोणालातरी वाढ म्हणून ओरडायचं, पोरांची आमटीवरून भांडणं व्हायची, आणि अलीकडे मी एका ताटात एकटी. एका माणसाच्या जेवणाला आवाजसुद्धा नसतो. कधी कधी मी उगीच पळी भांड्यावर आपटायचे.

आणि वाट्या सुरू झाल्या. एके दिवशी वाडीकडच्या दारातून जावेची धाकटी पोर आली, हातात वाटी, वर केळीचं पान झाकलेलं. जावेने खीर पाठवली होती. खिरीने मला आनंद व्हायला हवा होता. पण आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. चिमूटभर साखर, गुळाचा खडा, लिंबू, काहीतरी घालून पाठवायचं असतं. मी वाटी धुतली, गुळाचा खडा घातला, धाकटीच्या हातात दिली. ती पोर निघून गेली आणि मग माझ्या लक्षात आलं. एका घरात खीर केली की ती वाढतात, पाठवत नाहीत. वाटी पाठवतात ती शेजारणीला, आणि मीही वाटी भरून परत देऊन शेजारीण झाले होते.

त्यानंतर वर्षानुवर्षं वाट्या ये-जा करत राहिल्या. मी काही पाठवलं की वाटी घासून लख्ख होऊन, आत काहीतरी घेऊन परत यायची. कधी दोन पांढरे कांदे, कधी आमसुलं. जाऊ एकदाही चुकली नाही, आणि मीही. आमच्या दोघींइतकी सभ्य माणसं त्या गावात दुसरी नसतील. धाकटी मोठी होत गेली. पूर्वी ती माझ्या अंथरुणात लाथा झाडायची, आता दारात उभी राहून विचारायची, "मोठी आई, येऊ का?" ते कोणी शिकवलं होतं हे मला कळत होतं, आणि ते वाईट मनाने शिकवलेलं नव्हतं, हेही.

वालाचे दिवस मात्र मला सोसायचे नाहीत. एका माणसासाठी बिरडं कोण सोलतं? पडवीतून जावेच्या टोपलीचा वास यायचा. ती एकटीच सोलत बसलेली असायची. मध्ये होती ती एक भिंत.

शेवटी मी मनाशी ठरवलं की हा कागदच मोडायचा. नारळाच्या गाडीतून अलिबागला गेले आणि ह्यांच्या ओळखीतल्या एका वकिलाकडे मृत्युपत्राची नक्कल टाकली. म्हटलं, मला हे सगळं सोडायचं आहे, खोली, चूल, झाडं, पाळी, सगळं. दिराच्या नावे सोडपत्र करून द्या.

वकिलाने कागद वाचला, आणि वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर कौतुक पसरायला लागलं. मग त्याने एका कलमावर बोट ठेवलं. बायकोने पुढेमागे ह्या हक्काचं कोणतंही सोडपत्र केल्यास ते दडपणाखाली केलं असं समजून रद्द धरावं. मास्तरांनी वाचलं तेव्हा ते कलम माझ्या कानांवरून गेलं असणार, आणि त्यानंतर तो कागद मी स्वतः कधी उघडून वाचला नव्हता.

"बाई, यजमानांनी तुमच्यासाठी कुठे म्हणून फट ठेवलेली नाही," वकील म्हणाला.

मग त्याने विचारलं की तुम्हाला नक्की हवं आहे तरी काय, ते सांगा, दुसरा एखादा कागद करता येतो का बघू. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिथे सांगण्याजोगं नव्हतं. मला पाटावर बसून माझ्या माणसांत जेवायचं होतं. असला दस्त मी त्या मसुद्यांत कधी वाचला नव्हता. मी नक्कल घडी करून पिशवीत घातली. बाहेर ओट्यावर ह्यांच्या जागी दुसरा कोणी अर्जनवीस बसला होता, आणि त्याच्यासमोर एक बाई गाठोडं घेऊन बसली होती. त्या बाईने माझ्याकडे हेव्याने बघितलं असेल, असं मला वाटलं. ह्यांच्यावर रागवायचं तर नीट रागावताही येईना.

घरी आले आणि चूल पेटवली नाही. मुद्दाम नाही, नाही पेटवावीशी वाटली. दुसऱ्या सकाळीही तशीच पडून राहिले. आमच्या बाजूला सकाळी कौलांतून धूर दिसला नाही की शेजारपाजारची माणसं चौकशीला येतात. जाऊ आली, वाडीकडच्या दाराने, हातात पेजेचं भांडं. मला ताप नाही हे तिने कपाळाला हात लावून बघितलं. मग कुठे गेला होतात काल, असं विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं.

तिचा चेहरा उतरला. "सोडपत्र? बाय, आमी कवा काय मागितलं तुमच्याकडं?"

म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा घर, पुन्हा वाडी, पुन्हा कोणी काय मागितलं. मला इतका राग आला की मी उठून बसले.

"मला वाडी द्यायची नव्हती गो," मी म्हटलं, "मला जेवायला बसायचं होतं."

तिने पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि ती गेली. दुपारी दीर आला. स्वतःच बसवून घेतलेल्या दाराबाहेर उभा राहून त्याने, येऊ का, म्हणून विचारलं. ज्याचे केस मी धुतले तो. आत आल्यावर चुलीकडे बघत उभा राहिला.

"चूल असावी असं लिवलंय दादानं," तो म्हणाला. "रोज पेटवावी असं न्हाय लिवलेलं. आज तिकडं जेवा."

म्हणजे त्यानेही कागदात फट शोधली होती. कधी शोधली, किती दिवस मनात धरून ठेवली, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी मी गेले. अंगणातून, पुढच्या दाराने. आत चांगला पाट मांडलेला होता, सणावाराचा. पानात लिंबाची फोड, तळलेला पापड. पोरं हातपाय धुऊन गप्प बसली होती. जाऊ पुन्हा पुन्हा विचारत होती, आणखी वाढू का, थोडं तरी घ्या, काहीच जेवला नाहीत. आपल्या माणसाला कोणी आग्रह करत नाही. आपल्या माणसाला म्हणतात, भांड्यात आहे, घे. मी पोटभर जेवले, छान झालंय म्हटलं, आणि निघताना दीर अंगणापर्यंत पोचवायला आला. खोलीत येऊन मी फार रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं की पलीकडे माझी जागा रिकामी आहे आणि मला फक्त तिथे जाऊन बसायचं आहे. तशी जागा राहिलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा माझी चूल पेटवायला लागले.

मग वाल आले. एका दुपारी पडवीतून तो वास आला आणि मी काही विचार न करता उठले, आणि जाऊन जावेच्या टोपलीसमोर बसले. तिने बोलावलं नव्हतं. तिने वर बघितलं. मी एक वाल उचलला आणि सोलला. दोघींच्या पुढ्यात सालांचा ढीग वाढत गेला. मग तिने टोपली हाताने सरकवून मध्ये घेतली, पूर्वी असायची तिथे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी तिने गावातल्या एकीच्या सुनेची गोष्ट काढली, आणि मी म्हटलं, सासू काय कमी आहे? ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते. इतक्या वर्षांत मी तिला हसताना बघितलंच नव्हतं, म्हणून मला ते ठाऊक नव्हतं.

जेवायला मी त्यांनी बोलावलं तेव्हाच जात राहिले, आणि बोलावणं सणालाच यायचं. चूल वेगळी ती वेगळीच राहिली. नारळांचे पट्टे पावसाने गेले की दीर पुन्हा ओढायचा. सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही, कारण झालं नाही. तरी त्या वालांच्या शेवटी शेवटी मी माझ्या वाट्याचं बिरडं शिजवलं, भरपूर खोबरं घालून, आणि वाटीभर पलीकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढे बसले होते. माजघराच्या बाजूने कडी काढल्याचा आवाज आला आणि जुनं दार कुरकुरत उघडलं. धाकटी होती. तिने विचारलं नाही, सरळ आत आली आणि वाटी माझ्यासमोर जमिनीवर ठेवली.

"आई म्हणली, तुझ्या भांड्यांबरोबर घासून टाक," असं म्हणाली आणि दार उघडंच टाकून गेली.

मी वाटी उचलून बघितली. आत गूळ नव्हता, लिंबू नव्हतं, काहीच नव्हतं. धुतलेलीसुद्धा नव्हती, तळाशी बिरड्याचा रस वाळला होता.

मी ती वाटी बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. घासली ती संध्याकाळी.